खबर : नांगर विकायला निघालेल्या एका छोट्या प्रसिद्धी खात्याची गोष्ट

१)
अंबरनाथच्या मोरिवलीत, औद्योगिक वसाहतीच्या कडेला, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझ्या शाळेतल्या मैत्रिणीने गेल्या वर्षी जनसंपर्काचे छोटे कार्यालय थाटले. एक खोली, दोन संगणक, ती आणि तिची एक सहकारी. गिऱ्हाईके मोजकी : एक दंतवैद्य, एक शिकवणी वर्ग, रबरी वायसर बनवणारा एक कारखानदार. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. प्रश्न धंद्याचा होता, पण विचारला मात्र तिने तो इतिहासाच्या विद्यार्थ्याला. हा धागा म्हणजे त्या प्रश्नाला माझे उत्तर.

२)
प्रश्न असा. एका नव्या गिऱ्हाइकाला 'समाधानी ग्राहकांचे' पन्नास अभिप्राय हवे होते. माल बाजारात नुकताच आलेला, ग्राहक अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा अभिप्राय तुम्हीच लिहा, नावेही तुम्हीच घाला, असा निरोप. मोबदल्यात खोलीचे तीन महिन्यांचे भाडे सुटले असते. ती म्हणाली, "आमच्या धंद्यात खोटे न बोलता कुणी मोठे झाले आहे का? तुझ्या इतिहासात बघून सांग." मी म्हटले, बघतो. आणि बघता बघता किर्लोस्करवाडीला जाऊन पुन्हा अंबरनाथलाच परत आलो.

३)
आधी दोन शब्दांतला भेद. जाहिरात म्हणजे वर्तमानपत्रातली जागा पैसे मोजून घेणे आणि तिथे आपल्याला हवे ते छापणे. जनसंपर्क म्हणजे ज्यांच्या जिवावर आपला व्यवहार चालतो, ते गिऱ्हाईक, कामगार, शेजारी आणि पत्रकार यांच्याशी सतत बोलत राहून त्यांचा विश्वास मिळवणे. जाहिरातीची जागा विकत मिळते, विश्वासाला मात्र वेळ द्यावा लागतो. प्रत्यक्षात ही दोन्ही कामे एकमेकांत मिसळतात आणि जुन्या मराठीत दोहोंना 'प्रसिद्धी' हा एकच शब्द पुरत असे. पुढची गोष्ट या दोन्हींच्या सीमेवर घडते.

४)
स्वतंत्र धंदा म्हणून या कामाची सुरुवात अमेरिकेत झाली. १९०० मध्ये बोस्टन शहरात 'पब्लिसिटी ब्युरो' निघाला. १९०४ मध्ये आयव्ही ली या माजी पत्रकाराने एका भागीदारासह न्यूयॉर्कमध्ये असेच कार्यालय उघडले. १९०६ मध्ये लीने पत्रकारांसाठी आपली भूमिका जाहीर केली. आमचे काम उघड्यावर चालेल, आम्ही बातमी देऊ, ती अचूक असेल, आणि तपासून पाहू इच्छिणाऱ्याला मदत करू, असा तिचा आशय. या धंद्याच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे. मात्र पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे.

५)
१९१४ मध्ये कोलोरॅडो राज्यातील लडलो येथे कोळसा खाणीतील संपकऱ्यांच्या तंबूंवर हल्ला झाला. त्यात स्त्रिया आणि मुलेही मृत्युमुखी पडली. खाण कंपनीत रॉकफेलर घराण्याची मालकी होती. त्यांनी आयव्ही लीला बोलावले. लीने पत्रकांमागून पत्रके काढली, पण त्यांतला मजकूर खाणमालकांनी पुरवलेला होता आणि त्यातल्या काही गोष्टी उघड उघड खोट्या निघाल्या. आपण तो मजकूर तपासला नव्हता, हे लीला चौकशीत कबूल करावे लागले. अचूकतेची प्रतिज्ञा करणारा माणूस आठ वर्षांत असा घसरला. माझ्या मैत्रिणीचा प्रश्न म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचाच प्रश्न आहे.

६)
आता मुंबईत येऊ. १९०५ मध्ये, म्हणजे वंगभंगाच्या आणि स्वदेशीच्या वर्षी, गिरगावात बी. दत्ताराम आणि कंपनी ही जाहिरात संस्था सुरू झाली. आजवर टिकलेली देशातील सर्वांत जुनी जाहिरात संस्था म्हणून तिची ओळख दिली जाते. अशा संस्थांचे अर्थकारण साधे असे. वर्तमानपत्राला जाहिराती मिळवून द्यायच्या आणि जागेच्या किमतीवर दलाली घ्यायची. पुढे पंधरा टक्के ही दलाली सर्वमान्य झाली. पैसा वर्तमानपत्राकडून येई, मजकूर गिऱ्हाइकाचा असे. वाचक या हिशेबात कुठेच नव्हता. त्याला हिशेबात आणणारी माणसे पुढे मुंबईपासून बरीच दूर, कृष्णाकाठच्या माळावर भेटतात.

७)
लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६). बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा हा मुलगा चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. काही रंग डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आले, आणि चित्रकार होण्याची वाट बंद झाली. मग यांत्रिक आरेखन शिकून त्यांनी व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवण्याचे काम केले. थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान चालवले. मग कडबा कापायचे यंत्र, आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर.

८)
नांगर तयार झाला, पण विकला जाईना. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते, पीक जळते, असा शेतकऱ्यांत समज होता. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. हा समज निव्वळ अडाणीपणा म्हणून उडवून लावणे सोपे आहे. पण त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. जमीन एकच, हंगाम वर्षातून एक, आणि सावकार दारात. नवे अवजार फसले तर नुकसान बनवणाऱ्याचे होत नाही, नांगरणाऱ्याचे होते. त्याचा संशय म्हणजे त्याचा एकुलता एक विमा होता.

९)
इथे जाहिरातीची मर्यादा उघडी पडते. ज्याला वाचता येत नाही त्याला वर्तमानपत्रातली जाहिरात निरुपयोगी. ज्याला वाचता येते तोही छापील शब्दावर शेत पणाला लावत नाही. अशा वेळी पटते ते एकच : शेजारच्या शेतात चाललेला नांगर. हरळी आणि कुंदा मुळासकट निघालेला दिसला, पुढच्या हंगामात पीक उभे राहिलेले दिसले, की बोलणारा शेतकरी आपोआप तयार होतो. तो स्वतःच्या गावात, स्वतःच्या नावानिशी बोलतो. आजच्या भाषेत हाच 'समाधानी ग्राहकाचा अभिप्राय', आणि तो मिळायला एक हंगाम जावा लागतो.

१०)
बेळगावातली जागा नगरपालिकेच्या विस्तार योजनेत गेली, तेव्हा कारखाना हलवण्याची वेळ आली. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची माळरानाची ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. निवडुंग आणि साप यांच्या त्या माळावर कारखाना, कामगारांची घरे, शाळा असे गाव उभे राहिले. एक मात्र उणीव होती. माल तिथे तयार होई, बाजार दूर होता, आणि मधला दुवा म्हणजे टपाल आणि आगगाडी.

११)
आता या गोष्टीचा नायक. शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१–१९७५), लक्ष्मणरावांचे पुतणे, पुढे महाराष्ट्राला 'शंवाकि' म्हणून ठाऊक झालेले. हेही चित्रकलेचेच विद्यार्थी. लाहोरला पंडित सातवळेकरांच्या चित्रशाळेत शिकून ते वाडीला आले आणि कारखान्याच्या जाहिरातींचे काम पाहू लागले. चित्र काढता येते, चार ओळी नेटक्या लिहिता येतात, एवढ्या भांडवलावर सुरू झालेले हे खाते. गिऱ्हाईक एकच, आणि तेही घरचेच. मोरिवलीतल्या त्या खोलीपेक्षा ही सुरुवात फार मोठी होती, असे म्हणता येणार नाही.

१२)
१९२० मध्ये या खात्यातून एक पत्र निघाले : 'किर्लोस्कर खबर'. उद्देश स्वच्छ होता. कारखान्यात काय बनते, ते कसे वापरायचे, नवे काय आले, हे गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना नियमाने कळवायचे. त्याच वर्षी किर्लोस्कर बंधूंचा उद्योग भागभांडवलाच्या कंपनीत रूपांतरित झाला. आता फक्त गिऱ्हाईकच नव्हे, तर भागधारकही विश्वासात घ्यायचे होते. जगात अशी पत्रे नवी नव्हती. अमेरिकेतील डिअर आणि कंपनी या नांगरवाल्यांनीच १८९५ पासून 'द फरो' हे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक चालवले होते. 'फरो' म्हणजे नांगराचे तास. मराठीत मात्र हा प्रयोग नवा होता.

१३)
आपण क्षणभर त्या काळच्या वाचकाच्या जागी बसू. खेड्यातला शाळामास्तर, तालुक्याच्या गावचा अवजारांचा दुकानदार, नोकरी शोधून थकलेला मॅट्रिक पास तरुण. टपालाने घरी आलेले पत्र तो का वाचील? नांगराच्या किमतीसाठी एकदा वाचील, दुसऱ्यांदा नाही. शंवाकिंनी हे ओळखले. म्हणून 'खबर'मध्ये उद्योगधंद्यांची माहिती, खपून वर आलेल्या माणसांच्या हकिकती आणि विक्रीच्या कलेवरचे लेखन येऊ लागले. त्यांचे 'यशस्वी धंद्याचा मार्ग' हे पुस्तक याच जातकुळीतले. नांगर घेण्याची ऐपत नसलेल्यालाही त्या पत्रातून काहीतरी हाती लागू लागले.

१४)
छोट्या प्रसिद्धी कार्यालयाच्या वाढीतला हा निर्णायक क्षण आहे, असे मला वाटते. वाचकाला मालाच्या पलीकडचे काही मिळू लागले, तेव्हा पत्राचे खरे गिऱ्हाईक बदलले. आधी ते कारखान्यासाठी निघत होते, आता वाचकासाठी निघू लागले. कारखान्याचा तोटा यात झाला नाही. उलट दर महिन्याला 'किर्लोस्कर' हा शब्द आदराने उच्चारणारी माणसे गावोगाव तयार झाली. पण खात्याचे स्वरूप पालटले. वर्गणी आली, बाहेरच्या जाहिराती आल्या, वाडीतच छापखाना आला. एका गिऱ्हाइकावर अवलंबून असलेले खाते हळूहळू स्वतःच्या पायांवर उभे राहिले.

१५)
१९२० च्या दशकाच्या अखेरीस नावातला 'खबर' हा शब्द गळाला आणि मासिक नुसते 'किर्लोस्कर' झाले. १९३० मध्ये 'स्त्री' निघाले, १९३४ मध्ये 'मनोहर'. एका आडवळणी संस्थानी गावातून निघणारी तीन मासिके मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचली. नांगराच्या प्रसिद्धीसाठी सुरू झालेल्या घरातून निघालेल्या 'स्त्री'ची धुरा पुढे विद्या बाळ यांनी सांभाळली, आणि १९८९ मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले. लोखंडी फाळापासून स्त्रीमुक्तीच्या चर्चेपर्यंतचा हा प्रवास १९२० मध्ये कुणाच्याही आराखड्यात नसणार.

१६)
वाढीबरोबर जोखीमही आली. शंवाकि व्यंगचित्रे काढत. ती 'टाकाच्या फेकी' या नावाने पुस्तकरूपातही आली. त्यांच्या कुंचल्याने रूढी, सोवळेओवळे, बुवाबाजी यांची यथेच्छ खिल्ली उडवली. रत्नागिरीला स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे, धर्मभोळेपणाला झोडपणारे लेख 'किर्लोस्कर'मध्ये प्रसिद्ध झाले. आता व्यापारी दृष्टीने विचार करा. नांगर घेणारा शेतकरी, चरक घेणारा बागायतदार, पंप घेणारा जमीनदार यांतले कितीतरी जण श्रद्धाळू असणार. त्यांना दुखावणारा मजकूर छापण्यात धंद्याचा काय लाभ?

१७)
निव्वळ प्रसिद्धीचे पत्र हे धाडस करत नाही, मासिकाला ते करावे लागते. वाचकाचा विश्वास एकदा स्वीकारला की त्याला न आवडणारेही कधी कधी सांगावे लागते, नाहीतर त्या विश्वासाला अर्थ उरत नाही. कारखान्याच्या नावाने निघणाऱ्या मासिकाला ही मोकळीक मिळाली, ही कारखान्याचीही मोठी गोष्ट म्हटली पाहिजे. आपल्या पैशाने उभ्या राहिलेल्या प्रसिद्धी खात्याला स्वतःची मते असू देणारा मालक तेव्हाही दुर्मीळ होता आणि आजही दुर्मीळ आहे.

१८)
आता परत आमच्या गावी. 'खबर' निघत होती त्याच दशकात अंबरनाथला आगपेट्यांचा प्रचंड कारखाना उभा राहिला. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच विमको. कंपनीची स्थापना १९२३ ची. नावात 'इंडिया' असले तरी भांडवल स्वीडिश होते. सरकारने आयात काड्यांवर जबर जकात बसवली, तेव्हा स्वीडिश मॅच कंपनीने जकातीच्या भिंतीच्या आत येऊन, इथेच कारखाने घातले. देशी आगपेटीवाल्यांनी तक्रार केली, आणि भारतीय जकात मंडळाने या प्रश्नाची चौकशी करून १९२८ मध्ये अहवाल दिला. आमच्याकडे आजही विमको नाका हे नाव ऐकू येते.

१९)
या स्वीडिश कंपनीचा सूत्रधार होता इव्हार क्रॉयगर, 'आगकाड्यांचा राजा'. तो सरकारांना कर्जे देई आणि बदल्यात त्या त्या देशात आगकाड्यांची मक्तेदारी मिळवी. १९२७ मध्ये फ्रान्सला साडेसात कोटी डॉलर, १९२९ मध्ये जर्मनीला साडेबारा कोटी डॉलर. मितभाषी, गूढ, सदैव शांत अशी स्वतःची प्रतिमा त्याने कसोशीने जपली. त्याच्या टेबलावर एक बनावट दूरध्वनी असे आणि भेटीला आलेल्यांसमोर तो त्यावर बड्या लोकांशी बोलण्याचा आव आणी, असे सांगितले जाते. ही कथा अतिरंजित असेलही, पण लोकांना ती खरी वाटली यातच सारे आले.

२०)
१२ मार्च १९३२ रोजी पॅरिसमध्ये क्रॉयगर मृतावस्थेत सापडला. गोळी लागलेली, आणि निष्कर्ष आत्महत्येचा. मग हिशेब तपासले गेले. फुगवलेली मालमत्ता, कागदावरच्या कंपन्या, आणि इटली सरकारचे म्हणून दाखवलेले बनावट रोखे. अमेरिकेपासून स्वीडनपर्यंत असंख्य गुंतवणूकदार बुडाले. म्हणजे १९२० च्या दशकात महाराष्ट्रात विश्वासाचे दोन कारखाने चालू होते. एकाचे प्रसिद्धी खाते माळावरच्या छापखान्यात महिन्याला एक अंक काढत होते. दुसऱ्याची पत हजारो मैलांवरच्या एका माणसाच्या मौनावर उभी होती. विमको मात्र क्रॉयगरनंतरही टिकली, कारण काडी पेटत होती. माल खरा होता, खोटी होती ती वरची पत.

२१)
इथवर वाचून 'चांगले किर्लोस्कर, वाईट क्रॉयगर' असा निष्कर्ष काढाल, तर मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून नापास. किर्लोस्करवाडीची ही सगळी गोष्ट आपल्याला कुणी सांगितली, हे विचारा. शंवाकिंचे 'शंवाकीय' हे आत्मचरित्र १९७४ चे, लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांचे आत्मचरित्र १९८२ चे, आणि मासिकाच्या जुन्या फायली. म्हणजे बहुतेक साधने घरचीच. उत्तम प्रसिद्धी खात्याचे खरे यश हेच असते : शंभर वर्षांनंतरचा अभ्यासकही त्याच्याच फायली चाळतो आणि त्याच्याच चष्म्यातून गाव पाहतो.

२२)
म्हणून त्या फायलींना विचारायचे प्रश्न वेगळे. भट्टीजवळ उभ्या असलेल्या साच्याच्या कामगाराला 'खबर' वाचून काय वाटत असेल? मजुरीवरून कुरबूर झाली, तर ती अंकात येई का? नांगर फसलेल्या शेतकऱ्याचे पत्र छापले जाई का? खोटे न छापणे ही एक कसोटी, काय छापले नाही हे शोधणे ही दुसरी. पहिल्या कसोटीवर उतरलेले पत्रही दुसरीवर अडखळू शकते. मालकाचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही लेखणीची ही सीमा आहे, आणि ती सीमा ओळखूनच अशी साधने वापरायची असतात.

२३)
आणि अंबरनाथचे काय? तो आगपेट्यांचा कारखाना आता बंद आहे. पेट्यांवरची रंगीत लेबले संग्राहकांनी जपली. काड्या भरणाऱ्या, लेबले चिकटवणाऱ्या हातांची मात्र 'शंवाकीय'सारखी कुठलीही कहाणी आपल्या कपाटात नाही. मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीतही हेच दिसते. इथे बनणारा माल बहुधा दुसऱ्याच कुणाच्या नावाने बाजारात जातो. बनवणाऱ्याचे नाव खोक्यावर नसते, मग इतिहासात कुठून येणार? प्रसिद्धी ही फक्त विक्रीची बाब नाही, हे मला इथे उमगले. ज्याची खबर कुणी घेतली नाही, त्याचा पुरावा फार विरळ उरतो.

२४)
थोडे पुढचेही सांगतो, म्हणजे साखळी पूर्ण होईल. १९४० च्या दशकात टाटा समूहाने मुंबईत जनसंपर्क विभाग उभारला, मिनू मसानी त्याचे प्रमुख होते. १९५८ मध्ये या व्यावसायिकांची देशव्यापी संघटना स्थापन झाली. १९६८ मध्ये दिल्लीत तिची पहिली राष्ट्रीय परिषद २१ एप्रिलला भरली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन मानतात. १९८५ मध्ये जाहिरातींसाठी स्वयंनियमनाची परिषद आली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातींवर दंडाची तरतूद केली, आणि २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानकही आले. बनावट अभिप्रायांचा रोग इतका पसरला की त्यासाठी मानक लिहावे लागले.

२५)
मी मैत्रिणीला हे सगळे सांगितले. "खोटे न बोलता कुणी मोठे झाले का?" याचे उत्तर : होय, पण त्याला माल खरा असावा लागला, गिऱ्हाईक धीराचे असावे लागले, आणि पहिली कमाई यायला एक हंगाम थांबावे लागले. शंवाकिंचे पहिले गिऱ्हाईक त्यांचे काकाच होते. थांबण्याची सोय त्यांना घरातून मिळाली, आणि ही सवलत प्रत्येकाला नसते. तिच्याकडे भाड्याची तारीख आहे. त्यामुळे 'प्रामाणिक राहा' असा उपदेश मोरिवलीच्या त्या खोलीत उभे राहून करणे मला जमले नाही. मी फक्त आयव्ही लीची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली. न तपासलेला मजकूर दुसऱ्याचा असतो, त्याखालचे नाव मात्र आपले होते.

२६)
दोन दिवसांनी तिने गिऱ्हाइकाला कळवले : पन्नास अभिप्राय देता येणार नाहीत. तुमचे जे सहा ग्राहक खरोखर आहेत त्यांना आम्ही भेटतो, त्यांच्या कारखान्यात माल चालताना पाहतो, आणि ते जे बोलतील ते त्यांच्या संमतीने, नावानिशी लिहितो. एखाद्याची तक्रार असेल तर ती आधी तुम्हाला कळवतो. पैसे निम्मे द्या. हा धागा लिहीपर्यंत त्याचे उत्तर आलेले नाही. रबरी वायसरवाल्या जुन्या गिऱ्हाइकासाठी मात्र तिने चार पानी पत्रिका काढायला घेतली आहे. कोणता वायसर कुठे टिकतो आणि कुठे टिकत नाही, एवढाच तिचा विषय. पहिल्या अंकात यंत्रावर बसणाऱ्या तीन कामगारांची नावे आहेत.

२७)
शेवटी एक विनंती. तुमच्या आजोबा-आजींपैकी, आई-वडिलांपैकी कुणी अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरच्या कारखान्यांत काम केले असेल, तर त्यांच्याशी एकदा निवांत बोला. पगाराची पावती, हजेरीचे कार्ड, सहलीतला समूहफोटो, जुन्या आगपेटीचे लेबल, जे असेल ते जपून ठेवा आणि मागे तारीख लिहा. किर्लोस्करवाडीची खबर एका चित्रकाराने घेतली. आपल्या गावाची खबर अजून कुणी घेतलेली नाही. धागा इथे संपला. पुढचा धागा बहुधा विमकोतल्या आठवणींचा असेल, तुम्ही पाठवल्या तर.